जलदहन यंत्र आणि त्याच्या सांडपाण्याची संमती

मृतदेहाला अग्नी देण्याऐवजी पाणी, तीव्र आम्लारी आणि उष्णता यांच्या साहाय्याने त्याचे विघटन घडवून आणणाऱ्या पद्धतीला व्यवहारात जलदहन, वॉटर क्रिमेशन किंवा अ‍ॅक्वामेशन म्हटले जाते, तर रसायनशास्त्राच्या परिभाषेत ती आम्लारीय जलअपघटन म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील अनेक राज्यांत, कॅनडाच्या काही प्रांतांत, आयर्लंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत ती प्रत्यक्ष वापरात आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये निधन पावलेले आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या पार्थिवावर याच पद्धतीने संस्कार झाल्यानंतर तिची जगभर चर्चा झाली. ही पद्धत कोणत्या धर्माला किंवा घराण्याच्या परंपरेला मानवेल, हा प्रश्न त्या त्या कुटुंबाने सोडवायचा आहे. येथे विचार करायचा आहे तो फक्त यंत्राच्या पर्यावरणीय नियमनाचा. परदेशात आप्ताच्या अंत्यसंस्काराची निवड करण्याची वेळ आलेली मराठी कुटुंबे, आपल्याकडे पाळीव प्राण्यांसाठी असे केंद्र काढण्याचा विचार करणाऱ्या संस्था, आणि असा अर्ज पुढे आल्यास त्याची छाननी ज्यांना करावी लागेल ते नगरपालिकांचे अभियंते, या तिघांनाही लागणारी माहिती बरीचशी सारखीच आहे. दहनभट्टीचे नियमन तिच्या धुराड्याच्या तोंडाशी होते, तर जलदहन यंत्राचे नियमन त्याच्या सांडपाण्याच्या नळाशी होते, आणि त्यामुळे यंत्राची किंमत, जागा किंवा प्रसिद्धीपत्रक यांच्या आधी ‘हे पाणी कोण घेणार आणि कोणत्या अटींवर घेणार’ या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळवणे, ही या क्षेत्रातील पहिली पायरी मानली पाहिजे.

यंत्राचे कार्य थोडक्यात असे चालते. स्टेनलेस स्टीलच्या बंद पात्रात देह ठेवून त्यात पाणी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम हायड्रॉक्साइड घातले जाते. मिश्रणात आम्लारीचे प्रमाण साधारणपणे ५ टक्के असते. काही यंत्रे वातावरणाच्या दाबावर ९३ ते ९८ अंश सेल्सिअस तापमानाला चालतात आणि त्यांना १४ ते २० तास लागतात, तर दाबपात्राच्या पद्धतीची यंत्रे सुमारे १५० अंश तापमानाला चार ते सहा तासांत काम पूर्ण करतात. प्रथिनांची पेप्टाइडे आणि अमिनो आम्ले होतात, मेदाचा साबण आणि ग्लिसरॉल होते, आणि हाडांतील कॅल्शियम फॉस्फेट मात्र घन स्वरूपात मागे राहते. ते धुऊन, वाळवून आणि दळून कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. अग्निदहनानंतरच्या रक्षेपेक्षा हे चूर्ण अधिक पांढरे आणि प्रमाणाने काहीसे जास्त असते. उरलेला तपकिरी, साबणाच्या वासाचा द्रव हा नियमनाचा खरा विषय आहे.

अमेरिकेत १८८८ मध्ये एमॉस हॉब्सन यांनी या तत्त्वावरील एकस्व घेतले ते प्राण्यांच्या अवशेषांपासून उपयुक्त पदार्थ मिळवण्यासाठी; १९९० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या विल्हेवाटीसाठी या पद्धतीला आधुनिक रूप मिळाले. पद्धतीचा जन्म असा पशुअवशेषांच्या प्रश्नातून झाल्यामुळे सर्वांत काटेकोर तांत्रिक निकषही त्याच क्षेत्रात सापडतात. युरोपीय संघाच्या २०११ च्या १४२ क्रमांकाच्या नियमावलीत, जी प्राणिजन्य उपपदार्थांच्या विल्हेवाटीशी संबंधित आहे, द्रव्याच्या गाभ्याचे तापमान किमान १५० अंश आणि दाब किमान ४ बार असावा, आणि ही स्थिती सलग तीन तास, तर वेडसर गाय रोगासारख्या प्रायॉनजन्य आजाराचा संशय असलेल्या द्रव्यासाठी सलग सहा तास टिकावी, अशी अट आहे. प्रायॉन म्हणजे चुकीच्या घडीने दुमडलेली आणि तीच घडी इतर प्रथिनांवर लादणारी प्रथिने. ती नेहमीच्या उकळण्याने नष्ट होत नाहीत, म्हणून ही अट इतकी कडक आहे. मानवी देहांसाठीच्या कमी तापमानाच्या यंत्रांना हे निकष आपोआप लागू होत नाहीत, पण चौकशी करणाऱ्याने ते माहीत ठेवावेत, कारण मृत व्यक्तीला क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा प्रायॉनजन्य मेंदूरोग असल्यास ‘तुमचे यंत्र किती तापमानावर, किती वेळ चालते आणि अशा देहाबाबत तुमचा लेखी नियम काय आहे’ हा प्रश्न पूर्णपणे योग्य ठरतो. सर्वसाधारण जिवाणू आणि विषाणू यांच्याबाबत चिंतेचे कारण फारसे उरत नाही. आम्लारी, उष्णता आणि वेळ यांचा संयोग त्यांना पुरून उरतो, आणि बाहेर पडणाऱ्या द्रवात डीएनएही अखंड राहत नाही. त्यामुळे ‘हे पाणी संसर्गजन्य आहे’ हा आक्षेप लोकांना सर्वांत आधी सुचत असला तरी त्यात तथ्य नाही; पाण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे.

तो प्रश्न चार गुणधर्मांचा आहे: सामू, तापमान, सेंद्रिय भार आणि साबण. सामू म्हणजे द्रवाची आम्लता किंवा आम्लारिता दाखवणारी मोजणी. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि या यंत्रातून निघणाऱ्या द्रवाचा सामू ११ च्या वर असतो. अमेरिकेच्या संघराज्य पातळीवरील पूर्वप्रक्रिया नियमांत सार्वजनिक मलवाहिनीत ५ पेक्षा कमी सामूचा द्रव सोडण्यास मनाई आहे, पण वरची मर्यादा घातलेली नाही. ती प्रत्येक शहर आपापल्या अध्यादेशाने ठरवते, आणि १२.५ किंवा त्याहून अधिक सामूचा टाकाऊ द्रव तेथील घातक कचऱ्याच्या कायद्यात क्षरणकारी म्हणून गणला जातो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एका शहरात जो द्रव थोडे थंड करून सोडता येतो, तोच पलीकडच्या शहरात उदासिनीकरण केल्याशिवाय सोडता येत नाही, आणि ‘अमेरिकेत याला परवानगी आहे’ या वाक्याला त्या विशिष्ट गावाच्या मलनिस्सारण कार्यालयाचे पत्र जोडलेले नसेल तर त्याला काही मोल नसते.

उदासिनीकरणाच्या वेळी एक अडचण उभी राहते, जिचा उल्लेख माहितीपत्रकांत क्वचितच असतो. द्रवातला मेद साबणाच्या रूपात विरघळलेला असतो, आणि साबण आम्लारी माध्यमातच टिकतो. म्हणून सामू झपाट्याने खाली आणण्यासाठी तीव्र आम्ल ओतले, तर साबण फुटून मेदाम्ले वेगळी होतात, पृष्ठभागावर तेलकट थर साचतो आणि सामूची अट पाळता पाळता तेल-ग्रीजची अट मोडली जाते. यासाठी अनेक ठिकाणी द्रवातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून सामू हळूहळू उतरवला जातो, कारण पाण्यात त्यापासून होणाऱ्या दुर्बल आम्लाने मर्यादेपलीकडे घसरण्याचा धोका कमी होतो. आम्लारीच्या निवडीचाही येथे संबंध येतो: सोडियमचा साबण थंड होताच घट्ट होतो आणि नळ्यांत अडकतो, पोटॅशियमचा साबण मऊ आणि अधिक विरघळणारा राहतो, त्यामुळे महाग असूनही पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरणे वाहिनीच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे असते. छाननी करणाऱ्या अभियंत्याने अर्जात कोणती आम्लारी वापरली जाणार आहे आणि उदासिनीकरण कशाने होणार आहे, या दोन ओळी आवर्जून शोधाव्यात. त्या नसतील तर अर्ज परत पाठवण्यास ते पुरेसे कारण आहे.

तापमानाचा मुद्दा सोपा आहे, पण नियमांत तो ठळकपणे येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या जलउद्योग कायद्यानुसार ११० अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम द्रव सार्वजनिक वाहिनीत सोडता येत नाही, आणि अमेरिकेत प्रक्रिया केंद्रात पोहोचणाऱ्या पाण्याचे तापमान कोणत्याही सोडलेल्या द्रवामुळे ४० अंशांच्या वर जाऊ नये अशी अट आहे. यंत्रातला द्रव शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहून बराच गरम असतो, म्हणून थंड करणारी टाकी किंवा उष्णताविनिमयक हा यंत्राचा आवश्यक भाग समजावा. तो वेगळा विकत घ्यायचा जोडभाग असल्याचे सांगितले जात असेल तर त्याची किंमत पहिल्याच हिशेबात धरावी.

सेंद्रिय भार हा या सगळ्यातला सर्वांत जड मुद्दा आहे आणि त्यावर अधिक वेळ देणे आवश्यक आहे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन संपवताना जिवाणूंना जितका ऑक्सिजन लागतो त्याला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा व्यवहारात बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्यात ही मागणी दर लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. जनावरांच्या मृतदेहांवर ही प्रक्रिया केल्यानंतरच्या द्रवात ती लिटरमागे ७०,००० मिलिग्रॅमच्या आसपास नोंदली गेली आहे. मानवी देहाच्या यंत्रात धुण्याचे पाणी अधिक मिसळल्यास लिटरमागचा आकडा खाली येतो, पण एकूण भार कमी होत नाही: सत्तर किलो वजनाच्या देहात अंदाजे १०-११ किलो प्रथिने आणि तेवढाच किंवा थोडा अधिक मेद असतो, आणि त्यावरून एका प्रक्रियेचा भार ढोबळमानाने २५ ते ३० किलो ऑक्सिजनच्या मागणीइतका निघतो. युरोपात एका माणसाचा दिवसाचा भार ६० ग्रॅम धरण्याची पद्धत आहे. त्या मापाने एका देहाचे सांडपाणी म्हणजे चारशे ते पाचशे माणसांच्या एका दिवसाच्या सांडपाण्याचा भार होय. लाखो लोकसंख्येच्या शहराच्या प्रक्रिया केंद्राला हा भार जाणवणारही नाही, परंतु एखाद्या छोट्या वसाहतीच्या केंद्रात तो एका तासात ओतला गेला, तर तेथील जिवाणूंचे काम कोलमडू शकते. म्हणून संमतीच्या अटींत दिवसाचे एकूण प्रमाण लिहून भागत नाही, द्रव किती वेगाने सोडायचा हेही लिहावे लागते, आणि साठवण टाकीतून तो काही तासांवर पसरवून सोडण्याची सोय असणे ही चांगल्या केंद्राची खूण आहे. पाणी मिसळून आकडा खाली आणणे हा मार्ग मात्र नियामकाला मान्य नसतो. अमेरिकेच्या पूर्वप्रक्रिया नियमांत प्रक्रियेऐवजी पातळ करण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि ती योग्यही आहे, कारण नदीला एकूण भार सोसावा लागतो.

या पाण्याचा ताबा कोणाकडे, यावरून काय घडते याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. तेथील १९०२ चा दहन कायदा मानवी अवशेष जाळण्याची उपकरणे असलेल्या इमारतीला दहनगृह मानतो. जलदहनात जाळणे नसल्यामुळे तो कायदा त्याला लागू पडत नाही, आणि दहनभट्टीच्या धुरासाठी रचलेल्या नियमांतही ते बसत नाही. कायदा गप्प असताना वेस्ट मिडलंड्समधील सँडवेल येथील नगर परिषदेने २०१७ मध्ये रोली रेजिस दहनगृहात असे यंत्र बसवण्यास बांधकाम-नियोजनाची परवानगी दिली, परंतु त्या भागातील मलवाहिन्या ज्या सेव्हर्न ट्रेंट या जलकंपनीकडे आहेत, तिने सांडपाणी स्वीकारण्यास नकार दिला आणि प्रकल्प तेथेच थांबला. १९९१ च्या कायद्यानुसार व्यावसायिक जागेतून निघणारे असे सांडपाणी ‘ट्रेड एफ्लुएंट’ म्हणजे व्यापारी सांडपाणी ठरते आणि ते वाहिनीत सोडण्यासाठी जलकंपनीची संमती लागते; ही संमती नाकारली गेल्यास जलसेवा नियामक ऑफवॉट याच्याकडे अपील करता येते. पुढे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर वॉटर या कंपनीने द्रवाची तपासणी करून अशा एका प्रकल्पाला संमती दिली. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एका कंपनीचा नकार आणि दुसरीचा होकार यांतून हे स्पष्ट होते की, जेथे केंद्र सरकारने मापदंड ठरवलेले नसतात तेथे निर्णय वाहिनीच्या मालकाच्या सावधगिरीवर आणि लोकभावनेवर सोपवला जातो. ही स्थिती उद्योजकाला आणि कुटुंबाला दोघांनाही अन्यायकारक आहे, आणि तिचा उपाय म्हणून इंग्लंड-वेल्सच्या विधी आयोगाने नव्या अंत्यविधी पद्धतींसाठी कायदेशीर चौकट सुचवण्याचे काम हाती घेतले, ते स्वागतार्हच आहे.

संमती मिळाल्यावरही खर्च उरतो. ब्रिटनमध्ये व्यापारी सांडपाण्याचे शुल्क मॉग्डेन सूत्राने काढले जाते, ज्याचे नाव पश्चिम लंडनमधील मॉग्डेन प्रक्रिया केंद्रावरून आले आहे. द्रवाचे घनफळ, त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी (म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) आणि त्यातील तरंगते घनपदार्थ हे तीन घटक घरगुती सांडपाण्याच्या सरासरीशी ताडून आकार ठरतो, म्हणजे थोडे पण दाट पाणी सोडणाऱ्याला जास्त पैसे भरावे लागतात. आयर्लंडमध्ये १९७७ च्या जलप्रदूषण कायद्याखाली सार्वजनिक वाहिनीसाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. काउंटी मीथमधील नॅव्हन येथे २०२३ मध्ये त्या देशातील पहिले मानवी जलदहन केंद्र सुरू झाले. नेदरलँड्सच्या आरोग्य परिषदेने २०२० मध्ये सुरक्षितता, मानवी प्रतिष्ठा आणि शाश्वतता या तीन कसोट्यांवर जलदहन उतरते असा अभिप्राय दिला, आणि देहापासून खत करण्याच्या पद्धतीबाबत मात्र माहिती अपुरी असल्याचे म्हटले. एखाद्या देशाला नियमन मुळापासून रचायचे असेल तर या तीन कसोट्यांची मांडणी उपयोगी पडेल.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे की, तेथे या केंद्रावर किमान दोन वेगळ्या कार्यालयांची नजर असते. अंत्यविधी व्यवसायाचा परवाना राज्य देते. मिनेसोटाने २००३ मध्ये सर्वप्रथम ही पद्धत कायदेशीर केली, तर न्यू हॅम्पशायरने २००६ मध्ये दिलेली मान्यता २००८ मध्ये मागे घेतली, यावरून मान्यता कायमची गृहीत धरता येत नाही हेही दिसते. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये मंजूर होऊन २०२० मध्ये अमलात आलेल्या कायद्याने केंद्राला परवाना देण्याचे काम दहन-दफन विषयक राज्य कार्यालयाकडे आणि विघटनपात्राला मान्यता देण्याचे काम सार्वजनिक आरोग्य खात्याकडे सोपवले. सांडपाण्याचा परवाना मात्र स्थानिक मलनिस्सारण यंत्रणेचा असतो. कुटुंबाने केंद्राकडे या दोन्ही परवान्यांचे क्रमांक आणि मुदत विचारावी. चांगले केंद्र ते दर्शनी भागात लावते किंवा लगेच दाखवते, आणि दुःखाच्या प्रसंगी असे विचारणे अनुचित वाटू नये, कारण आपल्या माणसाच्या देहाचा शेवटचा अंश कोणत्या मार्गाने आणि कोणाच्या जबाबदारीवर जातो, हे जाणण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

यंत्रात जे विरघळत नाही, त्याचे नियमन वेगळ्या दिशेने करावे लागते. दातांत भरलेल्या अमालगममध्ये पारा असतो, आणि दहनभट्टीत तो वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. जलदहनाचे तापमान पाऱ्याच्या ३५७ अंशांच्या उत्कलनबिंदूपेक्षा खूप खाली असल्यामुळे अमालगम बव्हंशी हाडांबरोबर मागे राहते, आणि हा या पद्धतीचा पर्यावरणीय दृष्ट्या खरा, निर्विवाद फायदा आहे. पण तो फायदा पुढच्या टप्प्यावर गमावता येतो: ते दात हाडांबरोबर दळले गेले तर पारा चूर्णात जातो, धुण्याच्या पाण्याबरोबर गेले तर वाहिनीत जातो. म्हणून हाडे दळण्यापूर्वी अमालगम आणि धातूंचे रोपण वेचून वेगळे करण्याची, आणि अमालगम घातक कचऱ्याच्या अधिकृत वाहतूकदाराकडे सोपवल्याच्या पावत्या ठेवण्याची पद्धत केंद्रात आहे का, हे तपासावे. अणुऔषधांबाबतही अशीच दक्षता हवी. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात कर्करोगावर दिलेल्या ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी औषधाने एक दहनगृह दूषित झाल्याची नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जलदहनात असे औषध द्रवाबरोबर वाहिनीत जाईल. या पदार्थाचे अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवस असते, म्हणजे इतक्या काळात त्याची किरणोत्सारिता निम्मी होते, त्यामुळे मृत्यूपूर्वीच्या काही आठवड्यांत अणुऔषध दिले गेले असल्यास कुटुंबाने आणि रुग्णालयाने ते केंद्राला लेखी कळवणे आणि केंद्राने रुग्णालयाच्या किरणसुरक्षा अधिकाऱ्याचा सल्ला घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

वस्त्रांबाबतचा नियमही रसायनातूनच येतो. रेशीम आणि लोकर ही प्रथिने असल्यामुळे ती देहाबरोबर विरघळतात; सुती कापड सेल्युलोजचे असते आणि ते आम्लारीत तसेच टिकून राहते, गाळणीत गुंडाळले जाते आणि नळ्या अडवते. म्हणून केंद्रे सहसा रेशमी किंवा लोकरी वस्त्रच स्वीकारतात. सौभाग्यवती मृत स्त्रीला नेसवलेली पैठणी रेशमाची असली तरी तिच्या पदरातील आणि काठातील जर धातूची असल्यास ती मागे राहते, त्यामुळे संस्काराच्या विधीनंतर पैठणी उतरवून साध्या रेशमी वस्त्रात देह यंत्रात ठेवण्याची तयारी कुटुंबाने आधीच करून ठेवावी. अ‍ॅल्युमिनिअमची कोणतीही वस्तू, मग ते ताट असो वा पेटीचे हँडल, आत जाता कामा नये, कारण आम्लारीशी संयोग होऊन हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो.

हवेच्या बाबतीत धूर, सूक्ष्म कण आणि पाऱ्याची वाफ नसल्यामुळे जलदहनाची बाजू भक्कम असली तरी ‘पूर्णतः प्रदूषणमुक्त’ असा दावा करणाऱ्या प्रसिद्धीपत्रकावर विश्वास ठेवू नये. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे विद्युत अपघटन करावे लागते आणि त्याला बरीच वीज लागते. पात्र उघडताना आणि द्रव थंड होताना अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून वायुवीजनाला शोषकाची जोड असणे आवश्यक असते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या यंत्राला उद्देशून स्वतंत्र मानक नसले तरी नियमन नाही असे मात्र म्हणता येत नाही. १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याच्या कलम २५ खाली मलवाहिनीत, प्रवाहात किंवा जमिनीवर सांडपाणी सोडणारी नवी व्यवस्था उभारण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि मंडळाच्या व्यवहारात ती स्थापनेसाठीची संमती आणि संचालनासाठीची संमती अशा दोन टप्प्यांत घ्यावी लागते. सोडण्याच्या मर्यादा १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांत दिल्या आहेत: सार्वजनिक मलवाहिनीसाठी सामू ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३५० मिलिग्रॅम, तरंगते घनपदार्थ ६००, तेल व ग्रीज २० आणि अमोनियाजन्य नायट्रोजन ५०. नदीनाल्यासाठी बीओडी ३०, रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० आणि तेल व ग्रीज १०. सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे असल्यास बीओडी १००. याच मानकांत एक तळटीप आहे, आणि आपल्याकडील कोणत्याही प्रस्तावाचे भवितव्य बहुधा तीच ठरवील: ज्या मलवाहिनीच्या टोकाला जैविक प्रक्रियेसह द्वितीय स्तराचे प्रक्रिया केंद्र नसेल, तिच्यात सोडलेले पाणी नदीनाल्यात सोडलेले मानले जाते. राज्यातील ज्या गावांची गटारे थेट नाल्यात उतरतात, तेथे ३५० ची मर्यादा उपलब्धच नाही. तेथे ३० ची मर्यादा लागू होते.

वरचा हिशेब येथे लावून पाहिला, तर ४०० लिटर दाट द्रवातील सुमारे २८ किलोचा भार ३५० मिलिग्रॅमच्या मर्यादेत केवळ पातळ करून आणायला ८०,००० लिटर पाणी लागेल. पाणीटंचाईच्या प्रदेशात ही गोष्ट अशक्य आणि अनैतिक आहे, आणि म्हणून आपल्याकडे केंद्राच्या आवारातच प्रक्रिया करावी लागेल किंवा मोठ्या प्रक्रिया केंद्राशी करार करून द्रव टँकरने थेट त्याच्या दाट सांडपाण्याच्या टाकीत पोहोचवावा लागेल. आवारातील प्रक्रियेसाठी हवाविरहित पद्धतीचा विचार होऊ शकतो, कारण इतक्या दाट द्रवातून बायोगॅस मिळतो. पण प्रथिनांतून मुक्त होणारा अमोनिया मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतो, म्हणून एकट्या या द्रवावर संयंत्र चालवण्याऐवजी तो इतर ओल्या कचऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळणे अधिक शक्य कोटीतले आहे. द्रवात नायट्रोजन आणि पोटॅशियम असते हे पाहून तो खत म्हणून शेतावर घालण्याचा मोह पाळीव प्राण्यांच्या केंद्रांना होईल. सिंचनाच्या मर्यादा पाहता प्रक्रियेविना तसे करणे नियमबाह्य आहे, आणि सोडियमची आम्लारी वापरली असल्यास काळ्या चिकणमातीच्या जमिनीचा पोत बिघडवणारे आहे. सेप्टिक टँकमध्ये हा द्रव कधीही सोडू नये. तेथील जिवाणू सामूच्या धक्क्यानेच मरतात.

अर्जासोबत दिल्या जाणाऱ्या तपासणी अहवालांबाबत शेवटची काळजी घ्यावी लागते. परदेशी उत्पादकाचा अहवाल बीओडीची मोजणी २० अंश तापमानाला पाच दिवसांवर करतो, तर भारतीय मानक २७ अंशांना तीन दिवसांवर मोजते; दोन्ही आकडे जवळपास येतात, परंतु अहवालात कोणती पद्धत वापरली हे लिहिलेले नसेल तर तो ग्राह्य धरू नये. नमुना प्रक्रिया संपल्यानंतरच्या सबंध द्रवातून, इमारतीच्या शौचालयाचे पाणी मिसळण्याच्या आधीच्या बिंदूवर घेतलेला असावा, आणि त्यासाठी वाहिनीवर कुलूप लावता येईल असा नमुना कक्ष बांधलेला असावा. त्या नमुन्याबरोबर त्याच प्रक्रियेची तापमान, दाब आणि वेळ यांची यंत्राने आपोआप छापलेली नोंद, वापरलेल्या आम्लारीचे वजन, आणि द्रव सोडताना मोजलेला सामू व तापमान जोडलेले असतील, तरच अभियंत्याला त्या अहवालावर सही करता येईल. पहिल्या काही महिन्यांत प्रत्येक प्रक्रियेची, आणि आकडे स्थिर झाल्यावर ठरावीक अंतराने अशी तपासणी होत राहील, ही अट संमतीपत्रातच लिहून घ्यावी.